नाव, नंबर आणि भाडं

शिरूरला गाडी ठरवायची म्हणजे आधी माणूस आठवायचा. पहाटे पुण्याला दवाखान्यात जायचं असो की लग्नाला, घरात चर्चा गाडीची होत नाही, चालवणाऱ्याची होते. अमक्याचा पोरगा सावकाश चालवतो, तमक्याला जागरण सोसत नाही, पलीकडच्या आळीतल्याकडे ईको आहे पण तो ऐन वेळी फोन उचलत नाही. मग एकाला फोन जातो. भाड्याचं बोलणं होतच नाही. "द्या तुम्हाला द्यायचं ते," असं तो म्हणतो आणि काय द्यायचं ते दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. निघाल्यावर रांजणगावला महागणपतीच्या कमानीपाशी न सांगता गाडी हळू होते. नुसतं नगर रस्त्यावर उभं राहून काळी-पिवळीला हात केला तरी फार वेगळं घडत नाही. शिक्रापूर यायच्या आत शेजारच्या बाईला माझं माहेर दौंड असल्याचं कळलेलं असतं आणि तिची मावसबहीण दौंडलाच दिलेली निघते.

माझा सगळा प्रवास असा ओळखीतून झाला. माहेर दौंडचं, सासर शिरूरचं, मधे भीमा आणि न्हावऱ्यावरून जाणारा रस्ता. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून तो रस्ता कापताना वैताग यायचा, पण भीती कधी वाटली नाही. रात्री-अपरात्री गाडी बंद पडली तरी कुठल्यातरी वस्तीवर दिवा असे आणि त्या दिव्याखाली आपल्या घराचं नाव माहीत असलेलं कुणीतरी. आपल्या मुलखात आपण रस्त्यावर विसंबून नसतो, नावावर विसंबून असतो. हे कळायला मला व्हिएतनाम गाठावं लागलं.

हो ची मिन्ह शहर. तिथले लोक बोलताना अजून सायगॉनच म्हणतात. सहलवाल्यांनी एक दुपार मोकळी ठेवली होती. बाकीची मंडळी खरेदीला गेली. माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो, मला म्हणाल्या, "इथं देवी आहे म्हणतात. एवढ्या लांब आलोय, दर्शन घेऊन येऊ." देवी होती. मरिअम्मा. तिथे व्यापाराला गेलेल्या तमिळ लोकांनी बांधलेलं तिचं देऊळ बेन थान बाजाराजवळ आहे. पण जायचं कसं? व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे पाटी वाचता येते, आणि वाचलेलं तोंडाने म्हटलं की समोरच्याला काही कळत नाही. एकाच अक्षराचा सूर चढला-उतरला की अर्थ बदलतो. घरांचे पत्ते तिरप्या रेघांचे: मोठ्या रस्त्यावरचा आकडा, तिथून फुटलेल्या गल्लीतला आकडा, मग तिच्या पोटातल्या बोळातला. आपल्या "मारुतीच्या देवळामागे, पिंपळाजवळ" या पत्त्याची सवय असलेल्या माणसाने तिथे कुणाला काय विचारावं?

भाचीने निघण्यापूर्वी माझ्या फोनमध्ये ग्रॅबचं, म्हणजे फोनवरून गाडी बोलवायचं, ॲप घालून दिलं होतं. मलेशियात अँथनी टॅन आणि टॅन हुई लिंग या दोघांनी 2012 साली ते सुरू केलं. रात्री टॅक्सीत एकटं बसताना बायकांना वाटणारी धास्ती, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. 2018 मध्ये उबरने आग्नेय आशियातला आपला धंदा त्यांनाच देऊन काढता पाय घेतला, म्हणून तिकडे उबर शोधून सापडत नाही. व्हिएतनामला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, आणि आणखी एक. कार्डावरचे परदेशी व्यवहार आपल्या बँकेच्या ॲपमधून घरूनच चालू करून घ्यावेत. नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात, 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मी मात्र रोख द्यायचं ठरवलं होतं. ग्रॅबला तिथे रोखही चालतं, आणि हातात नोट असली की माझ्या पिढीला धीर असतो.

देवळाचं नाव लिहिलं, नकाशावर खूण टेकवली. क्षणात भाडं आलं: 45,000 डाँग. आक्का दचकल्या. साधारण दीडशे रुपये होतात म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. मग पडद्यावर एका तरुणाचा फोटो आला, त्याखाली नाव, गाडीचा रंग, गाडीचा नंबर. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी त्यांना येत नाही, व्हिएतनामी यायचा प्रश्नच नाही. पण आकडे येतात. एसटीच्या पाट्यांवरून, गॅसच्या पुस्तकावरून, नातवंडांचे फोन लावून लावून पक्के झालेले आकडे. "तो नंबर मोठा कर," म्हणाल्या. फोन हातात घेऊन त्या फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या.

तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. कडेला उभं राहिलं की आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. समोरून दुचाक्यांचा लोंढा वाहत होता. ग्रॅबची हिरवी जाकिटं घातलेली पोरं मागे प्रवासी घेऊन जात होती आणि मागच्याच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. 2007 च्या डिसेंबरपासून तिथे ते सक्तीचं आहे आणि लोक ते पाळतात. एवढ्यात फोनवर निरोप आला. त्याने त्याच्या भाषेत लिहिलेलं ॲपने इंग्रजी करून दाखवलं, मी ते आक्कांना मराठीत सांगितलं: "लाल छत्रीपाशी उभा आहे." आक्का तरातरा चालत गेल्या. पांढऱ्या गाडीच्या मागे वाकून, पाटीवरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवत, फोनशी जुळवत त्यांनी नंबर वाचला. पाचवर बोट, एकवर बोट, मग पुढचे. चालवणारा काच खाली करून बघत राहिला, हसला नाही, घाई केली नाही. सगळे आकडे जुळल्यावर आक्का मला म्हणाल्या, "बस. हीच आहे."

या बाईने उभ्या आयुष्यात स्वतः गाडी ठरवली नव्हती. ठरवायची ती आधी सासऱ्यांनी, मग भाऊजींनी, मग मुलाने. त्या फक्त बसायच्या. परक्या देशात, जिथे आमच्या घराचं नाव घेणारं कुणी नव्हतं, तिथे त्यांनी पहिल्यांदा तपासून, खात्री करून, आपल्या शब्दावर गाडीत पाऊल ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी घरी पाहिलेलं नाही.

वाटेत तो तरुण फोनवर बोलून, भाषांतर करवून आम्हाला ऐकवत होता. तो मूळचा सायगॉनचा नव्हता. मेकाँगच्या खोऱ्यातल्या बेन त्रेचा, नारळाच्या मुलखातला, शहरात पोट भरायला आलेला. आई गावाकडेच. म्हणजे गाडीतले तिघेही त्या शहराला परकेच, आणि रस्ता दाखवणारा नकाशा तिघांनाही सारखाच लागत होता. उतरताना मी 50,000 ची नोट दिली आणि उरलेले ठेव म्हणून हाताने सांगितलं. त्या भाड्यातलं कंपनीकडे किती जातं आणि त्याच्या हाती किती उरतं, हे मला पडद्यावर दिसत नव्हतं. मला ते दिसायला हवं होतं. परतताना पाऊस आला आणि तेवढ्याच अंतराला जवळजवळ दुप्पट आकडा आला. तो महाग होता, पण बसण्याआधी समोर होता. आक्कांनी तो वाचला, मान डोलावली आणि पुन्हा पाटीकडे वाकल्या.

मी त्या रात्री फार वेळ विचार करत राहिले. ॲपने आम्हाला असं काय दिलं होतं? माणुसकी दिली नव्हती, ती त्या मुलाची स्वतःची होती. ॲपने दिल्या त्या तीन गोष्टी: कोण येणार त्याचं नाव, गाडीचा नंबर आणि बसण्यापूर्वी भाडं. ओळख नसलेल्या माणसाला परक्या जागी ताठ मानेने उभं राहायला एवढं पुरतं. आणि या तिन्ही गोष्टींना खरं तर फोन लागत नाही.

माझे वडील रेल्वेत होते. दौंड म्हणजे जंक्शन. सोलापूरकडचा मार्ग, बारामतीचा फाटा, आणि मनमाडची लाईन तर 1878 पासूनची. रात्रीच्या गाड्यांनी उतरलेली अनोळखी माणसं लहानपणी खूप पाहिली. सिद्धटेकला निघालेली कुटुंबं, पहिल्या नेमणुकीवर आलेले शिपाई. आता उतरतात ती बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची तरुण पोरं, पाठीवर एक सॅक, कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात कामाला. उत्तरेकडच्या काही गाड्या आता कॉर्ड लाईन या वेगळ्या स्टेशनवरून जातात. तिथे उतरणाऱ्याला मुख्य स्टेशन कुठे तेही ठाऊक नसतं. रांजणगावच्या कोरियन आणि इटालियन कंपन्यांच्या साहेबांना न्यायला गाडी येते. या पोरांना कुणी येत नाही. मराठी येत नाही, ओळख नाही, आणि रात्री दोन वाजता फोनवर गाडी शोधली तरी ती मिळण्याची शाश्वती नाही. रिक्षावाला भला असतो, बहुतेक वेळा असतोच. पण भलेपणा नशिबावर का सोडायचा? सायगॉनच्या फुटपाथवर मी जशी उभी होते तसाच यांतला एखादा पोरगा इथे उभा असतो, फक्त त्याच्या हातात आकडा नसतो.

माझी विनंती आहे ती दौंड आणि शिरूरच्या नगरपरिषदांना, रेल्वेला, एसटी आगाराला आणि सगळ्यात आधी आपल्या रिक्षा-जीपवाल्या भावांना. जिथे नसेल तिथे, स्टेशनबाहेर आणि स्टँडवर, दिव्याखाली एक फलक लावा. सिद्धटेक, कुरकुंभ, पाटस, कॉर्ड लाईन, रांजणगाव, न्हावरे. प्रत्येकापुढे किलोमीटर आणि दिवसाचं-रात्रीचं भाडं, मराठीत, हिंदीत आणि मोठ्या आकड्यांत. गाडीच्या आत, मागे बसलेल्याला दिसेल असं चालवणाऱ्याचं नाव आणि गाडीचा नंबर रंगवा. खर्च एका फलकाचा आणि थोड्या रंगाचा आहे. आकडे सगळ्यांना वाचता येतात.