सचिनमध्ये ऐकलेले ब्राझील

ब्राझीलचे संगीत म्हणजे बोसा नोव्हाची मंद झुळूक, असा आपल्याकडचा समज. त्या बोसाचाच एक जनक आंतोनियो कार्लोस जोबिम. त्याच्या १९७६च्या ‘उरुबू’ (म्हणजे गिधाड!) या तबकडीची एक बाजू मात्र निव्वळ वाद्यवृंदाची, क्लाउस ओगरमनने बांधलेली, घनगंभीर, कसलीही घाई नसलेली. पण माझा जीव अडकला पहिल्याच गाण्यापाशी. आरंभी बेरिंबाव वाजते : धनुष्य, एक तार, भोपळा. अहो, हे तर गुजरातच्या सिद्दींचे मलुंगा! दोघांचे माहेर आफ्रिका. आमचे सुरतजवळचे सचिन १७९१ ते १९४८ जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचे संस्थान होते. मागांवर पोटासाठी आलेल्या आम्हा खानदेशी मंडळींना हे कोण सांगणार? तिकडे बेरिंबाव व्हायोलिनांच्या पंगतीला बसले. इकडे मलुंगा वाजवणारे मोजकेच उरलेत.