पडवळाचा दगड

गच्चीवरच्या पडवळानं डिश अँटेनाच्या दांड्याला वेटोळं घातलं होतं आणि आणखी वीतभर वाढायचा त्याचा बेत दिसत होता. पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या समोरच्या काकू तेवढ्या घाईतही थबकल्या. “अगं, दगड बांध की त्याला!”

पुण्यात, चौथ्या मजल्याच्याही वर, दगड कुठून आणायचा? शोधाशोध करून किल्ली हरवलेलं एक गंजकं कुलूप सापडलं. तेच सुतळीनं टोकाला लटकावलं.

आजी हसली असती. रत्नागिरीकडच्या तिच्या परसात पडवळाचे दगड हा वेगळा ऐवज होता. ओढ्यातले, मध्ये जरा चिमटलेले, म्हणजे पावसात दोरी निसटत नाही. फळ बोटभर झालं की ती दगड तळहातावर जोखून बघायची. जड झाला तर देठ तुटतो, हलका झाला तर पडवळ पुन्हा आपल्या मनाचं करतं. फळ वाढलं की पहिला दगड सोडून थोरला बांधायचा. हंगाम सरला की सगळे धुऊन, करवंटीत घालून पडवीतल्या कोनाड्यात. मांडवाखालून आम्ही वाकून पळायचो, तरी कपाळाला दगड लागायचाच, आणि वर ओरडाही आम्हालाच, पडवळ हललं म्हणून! ते सरळच कशाला हवं, असं विचारल्यावर तिचं उत्तर ठरलेलं : वाकडं पडवळ विळीवर धड बसत नाही आणि आतल्या बिया काढताना जीव जातो. चण्याची डाळ घालून केलेली ती भाजी मला तेव्हा मुळीच आवडत नसे. आता आवडते, पण डाळ अख्खी राहिली पाहिजे.

पडवळाचं फूल मात्र आजीनं कधी दाखवलं नाही. ती दिवेलागणीनंतर परसात जाऊ देत नसे आणि हे फूल उमलतं रात्री. पांढरंशुभ्र, पाकळ्यांच्या कडांना तंतूंची झालर. मोगऱ्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा बॅटरी घेऊन गच्चीवर यावं. पतंग इतक्या उंच येतात की नाही याचा भरवसा नसल्यामुळे झोपण्यापूर्वी नरफूल खुडून मीच मादीफुलावर टेकवते.

सोसायटीला धास्ती स्लॅबची, आणि ती रास्तच आहे. ओली माती घनमीटरला दीड टनाच्याही पुढे भरते. म्हणून आमच्या कुंड्यांत माती नावापुरती, बाकी पालापाचोळा आणि रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड. ही वाट दाखवणारे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. शेतीचा हिशेब ते पानांवर पडणाऱ्या उन्हापासून मांडायचे. गच्चीवर ऊन तेवढं फुकट आहे.

ऋषिपंचमीला तर आमचा भाव फारच वधारतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, आणि आमच्या लिफ्टमध्ये बैल अजून कुणी पाहिलेला नाही. पडवळ, भेंडी, माठ, अळू, सगळं वरूनच उतरतं. यंदा मुलीनं शंका काढली : कुंडीत घातलेलं शेणखत बैलाचं नसेल कशावरून? सासूबाई अळूची देठं सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “शेण टाकायला त्याला कुठे कष्ट पडतात?”