पांढरा साका

रावेरहून समुद्र तीनशे किलोमीटरच्याही पलीकडे. केळीची मृगबाग आता लावायची की पाऊस लांबला म्हणून कांदेबागेपर्यंत थांबायचं, या हिशेबात समुद्र संशोधनाच्या जहाजाला जागा नसते. माझ्या मते ती असायला हवी. खानदेशात दमदार पाऊस होतो तो बरेचदा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. तापीचे मोठे पूरही त्यांचेच. पण ढग दाटून ऊन अडलं, वारा सुटला, की समुद्राचा पृष्ठभाग थंडावायला हवा. मग उपसागर पुन्हापुन्हा असे पट्टे तयार करतो कसा? १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'सागरकन्या' हे संशोधन जहाज आणि नौदलाचं 'सागरध्वनी' तिथे याचीच मोजमापं घेत होती. उत्तर असं की गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगतं आणि खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही. म्हणूनच उघडीप मिळताच पृष्ठभाग पुन्हा तापतो आणि ढगांची पुढची फळी उभी राहते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आता उपग्रह आहेत, आपोआप बुडून वर येणारे आर्गो तरंगक आहेत, मग जहाज कशाला? उपग्रहाला दिसते ती समुद्राची कातडी. आर्गो दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून मोजमापं घेत वर येतो, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्याची क्षारता मोजणारी उपकरणं काही वर्षांत चळतात. ती चळली हे कळतं जहाजावरून काढलेल्या पाण्याच्या नमुन्याशी ताडून पाहिल्यावरच. नमुना काढणं म्हणजे काय, तेही पाहावं. गोल चौकटीत बसवलेल्या उभ्या नळ्या विंचच्या दोरावर खाली जातात आणि ठरलेल्या खोलीवर एकेक करून बंद होतात. वर आल्यावर पाणी रबरी नळीने काचेच्या बाटलीत भरतात. बुडबुडा एकही चालत नाही. मग मँगनीजचं आणि अल्कलीचं द्रावण घालतात. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. मध्य अरबी समुद्रातलं तीनशे मीटर खोलीवरचं पाणी असेल, तर साका जवळजवळ पांढराच राहतो. तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायूही तयार होतो. हे अवकाशातून दिसत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ज्या तालुक्यात विहिरी दरवर्षी खोल कराव्या लागतात, तिथे जहाजाचा खर्च कोणत्या तोंडाने मागायचा? पण त्या विहिरी भरणारा पाऊस समुद्रावरूनच येतो. २००२ चा जुलै आठवावा. देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला. पश्चिम किनाऱ्यावर कोसळणाऱ्या पावसाचा अभ्यास करायला त्याच हंगामात अरबी समुद्रात मोहीम निघाली होती. तिच्या हाती रुसलेल्या मान्सूनमधल्या समुद्राच्या नोंदी आल्या. अशा नोंदी फार थोड्या आहेत, कारण लाटा चार-पाच मीटर उसळतात तेव्हा नळ्यांची चौकट पाण्यात सोडणंच धोक्याचं होतं आणि लहान जहाज बंदराकडे वळतं. 'सागरकन्या' १९८३ ची आहे. तिच्यामागून येणारं जहाज आषाढातही समुद्रात टिकणारं हवं, कारण रावेरचा शेतकरी आभाळाकडे पाहत असतो तेव्हाच समुद्राच्या नोंदी सर्वांत विरळ असतात.