आधी पाणी, मग रंग

ठाण्याच्या बाळकुमात ऐन श्रावणात वॉटरकलरचा क्लास लावला, तर पहिला धडा हवाच देते. दोरीवरचे कपडे जिथे दोन-दोन दिवस दमट राहतात, तिथे आभाळाचा वॉश काय झटपट वाळणार! कागदावरची ओल चमकत असते आणि इकडे हात शिवशिवत असतो. न राहवून ढगाच्या पोटात थबथबलेला ब्रश टेकवला जातो. पाणी अर्धवट ओल्या रंगाला कडेकडेला ढकलत नेतं आणि निळ्या आभाळात फ्लॉवरचा गड्डा उगवतो. तो पुसायला जावं, तर कागदाची सालं निघतात.

जलरंगाचं निम्मं शास्त्र त्या गड्ड्यात आहे. नवशिक्याचं लक्ष रंगांच्या नावांवर असतं. चित्र बनतं किंवा बिघडतं ते पाण्याच्या हिशेबावर. सुकत चाललेल्या कागदावर त्याच्याहून ओला ब्रश टेकला, की घोळ झालाच. म्हणून सर डेमो देतात तेव्हा चित्राआधी त्यांचा हात बघावा. भांड्यातून निघालेला ब्रश फडक्यावर किती वेळा टेकतो, बोर्डाला उतार किती दिलाय, वॉशच्या खालच्या काठाशी जमलेलं पाणी ते कसं ओढत नेतात, आणि कुठे थांबून नुसते बघत बसतात. मोबाइलवर फोटो काढायचाच, तर त्यांच्या पॅलेटचाही काढावा. रंग किती पातळ कालवला होता, ते तिथेच कळतं.

रंग साध्या प्रतीचे चालतात. 1931 साली शाईपासून सुरुवात केलेल्या दांडेकरांच्या कॅम्लिनच्या रंगांवर इथल्या कितीतरी पिढ्यांचे हात बसले. पैसे टाकायचे ते कागदावर. पातळ ड्रॉइंग पेपर पाणी लागताच फुगतो. 300 जीएसएमचा कागद बरंच सोसतो. त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करावेत आणि जीव न अडकवता वाया घालवावेत.

पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. उजेड आधीच राखून ठेवावा लागतो. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री, ‘ग्लो ऑफ होप’, पाहून ती जलरंगात आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. ते तेज नंतर चिकटवलेल्या पांढऱ्याने येत नसतं.

आणि विषय? क्लासात काश्मीर-स्वित्झर्लंडचे फोटो फिरत असतात. बाळकुमला खाडी हाकेच्या अंतरावर आहे. कशेळीच्या पुलाकडे ओहोटीला चिखल उघडा पडतो, मागे तिवरांची काळपट रांग. अल्ट्रामरिन ब्लूमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की त्या चिखलाचा राखाडी हाताला लागतो; निळा वाढवला की थंड, तपकिरी वाढवला की उबदार. जे. जे.त शिकून कोल्हापूरला परतलेल्या आबालाल रहिमानांनी घराजवळचा कोटितीर्थ तलाव पुन्हा पुन्हा रंगवला. तेच पाणी वेगवेगळ्या उजेडात बघितल्यावाचून डोळा तयार होत नाही.

क्लास संपेल तेव्हा फ्रेम करण्याजोगं चित्र हाती असेलच असं नाही. ओला कागद समोर असताना ब्रश खाली ठेवता यायला लागला असेल, तर फी वसूल झाली समजा.