शरमेचा रकाना

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची पोरं साखऱ्याला येतात. कुणी सेनगावला शिकतं, कुणी हिंगोलीला, कुणी नांदेडला विद्यापीठात. ऊन उतरलं की क्रिकेट सुरू. अंपायर कुणालाच व्हायचं नसतं, म्हणून मी.

त्या दिवशी शेवटच्या ओव्हरला माझ्या भाच्यानं सोपा कॅच सोडला. "हाताला मेंदी लावलीय का रे?" हे मीच ओरडलो. अंपायरनं, त्यातही सख्ख्या मामूनं, असं बोलायला नको होतं. मग बॉलर बोलला, कीपर बोलला. बाहेर मोबाईल बघत बसलेले, ज्यांनी कॅच पाहिलासुद्धा नव्हता, तेही बोलले.

बीएडला मानसशास्त्र होतं, तेव्हापासून ही खोड आहे. एकाची भावना दुसऱ्याला कितपत लागते, हे मोजायची एक प्रश्नावली आहे. विल्यम डोहर्टी यांनी ती १९९७ मध्ये मांडली. पंधरा वाक्यं आणि पाच भावना: प्रेम, आनंद, भीती, राग, दुःख. २००० साली पीटर टॉटरडेल यांनी तर सामना चालू असताना चार दिवस, दिवसातून तीनदा, व्यावसायिक क्रिकेटपटूंकडून त्यांचा मूड खिशातल्या छोट्या कॉम्प्युटरवर नोंदवून घेतला. सोबती खूश असले की खेळाडूही खूश राहतो आणि आपण बरं खेळलो असं त्याला वाटतं. सामन्यात संघ पुढे आहे की मागे, हे बाजूला ठेवूनही तो संबंध दिसला.

मी ती पंधरा वाक्यं मराठीत उतरवली आणि रात्री पोरांकडून भरून घेतली. दुसऱ्याला रडताना बघून रडू येतं का, यापुढे सगळ्यांनी "कधीच नाही" लिहिलं. गेल्या साली आमच्या अब्बांच्या जनाज्यात यातलेच दोघं माझ्याकडे बघून हुंदके देत होते! माणूस स्वतःबद्दल जे सांगतो तेवढंच कागदावर येतं. पोरांना तर एकमेकांच्या कागदात डोकवायचीही सवय.

भाच्यानं कागद कोराच परत दिला. म्हणाला, "मामू, इसमें शरम का खाना किधर है?"

मी पुन्हा पाहिलं. नव्हताच. माझा राग मैदानभर झाला होता, त्याची शरम मात्र कुणाला लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला नाही. त्याच्या घरी जाऊन "माझं चुकलं" म्हणायला मला मगरिब झाली.