नाचणाऱ्या आगकाड्यांच्या गावी

बालमित्रांनो, हे पान वाचण्याआधी एक काम करा. टेबलावर एक आगकाडी ठेवा आणि तिला सांगा, "चल, ऊठ आणि नाच!" काय झालं? ढिम्म हलली नाही ना? आमच्या वर्गातल्या मुलांनीही हे करून पाहिलं. फुंकर मारल्यावर काडी घरंगळली, पण नाचली काही नाही.

आता गंमत ऐका. १९१५ साली आगकाड्या खरोखर नाचल्या होत्या, तेही सिनेमाच्या पांढऱ्या पडद्यावर! त्या छोट्याशा चित्रपटाचं नाव होतं 'आगकाड्यांची मौज', आणि त्यांना नाचवणारा माणूस तेव्हा नाशिकला राहत होता. ओळखलंत? बरोब्बर! दादासाहेब फाळके. गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल त्यांच्या गावी गेली होती. चला, तुम्हीही आमच्या एस. टी.त बसा. खिडकीची जागा मात्र मिळायची नाही बरं का!

पण निघण्यापूर्वी आमच्या कुंडीची हकीकत सांगायला हवी.

आमची शाळा सिन्नर तालुक्यातली. चौथीचा वर्ग, मुलं २१. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही एका कुंडीत वाटाणा पेरला आणि ती वर्गातल्या खिडकीजवळ ठेवली. कुंडीभोवती खडूने गोल आखला, म्हणजे ती जागची हलू नये. समोर चार विटा रचून त्यावर माझा मोबाईल ठेवायची जागा पक्की केली. रोज शाळेच्या वेळात ठरलेल्या वेळी ५ फोटो काढायचे. आठवड्याचे ६ दिवस, असे ४ आठवडे. करा हिशोब! ५ गुणिले २४, म्हणजे १२० फोटो. ते एका सेकंदाला १२ या वेगाने दाखवले की झाला १० सेकंदांचा सिनेमा. डोळ्यांपुढून चित्रं भराभर सरकली, की आपला मेंदू ती एकमेकांना जोडून घेतो आणि आपल्याला वाटतं, रोप वाढतंय!

शेवटच्या दिवशी सगळी मुलं मोबाईलभोवती गोळा झाली. मातीतून कोंब वर आला, पानं उलगडली, रोप डुलत डुलत उजेडाकडे, म्हणजे डावीकडे झुकू लागलं. "अय्या!" "बघ बघ!" आणि बरोबर पाचव्या सेकंदाला रोपाने टुणकन उडी मारली! डावीकडे झुकलेलं रोप क्षणात उजवीकडे झुकलेलं दिसलं. कुणीतरी कुंडी उचलली होती आणि परत ठेवताना फिरवून ठेवली होती.

"कुणी हलवली कुंडी?" मी विचारलं. वर्ग गप्प. मी रागावले. महिनाभराची मेहनत वाया गेली, असं बरंच काही बोलले. चिंचोक्यांचा सिनेमा करायचं ठरलं होतं, तेही रद्द करून टाकलं. असं फुगलेलं तोंड घेऊनच आम्ही सहलीला निघालो.

पहिला मुक्काम त्र्यंबकेश्वर. ब्रह्मगिरीच्या कुशीतलं हे गाव. गोदावरी याच डोंगरावर उगम पावते. सकाळच्या धुक्यात डोंगराचं फक्त टोक दिसत होतं, जणू कुणी मधला भाग खोडरबराने पुसून टाकला होता. मंदिरात दर्शन घेतलं, कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बसून शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. याच गावात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, जन्मले. चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले, छपाई शिकले, आणि जादूचे खेळसुद्धा! जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा'. हे नाव जरा उलटं वाचून पाहा बरं! एवढं सांगितलं मात्र, नाशिकपर्यंतच्या रस्त्यात गाडीत सगळ्यांची नावं उलटी झाली. कंडक्टरकाकाही सुटले नाहीत.

दुपारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी पोचलो. वर डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली लेणी आणि खाली दादासाहेब फाळके स्मारक. दोन्ही अगदी शेजारी. वर छिन्नी चालवणाऱ्यांनी दगड बोलका केला आणि खाली ज्याची आठवण जपली आहे, त्याने चित्र हलतं केलं. स्मारकाच्या आवारात एका झाडाखाली डबे उघडले. भाकरी, पिठलं, ठेचा असा फक्कड बेत झाला आणि मुलं म्हणाली, "बाई, आता गोष्ट!"

मग मी सांगायला सुरुवात केली. १९११ साली मुंबईत दादासाहेबांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी चित्रपट पाहिला. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला, असा चित्रपट आपण करायचा. रात्रंदिवस अभ्यास केला, इतका की डोळे दुखावले आणि काही काळ दिसेनासं झालं. औषधोपचारांनी दृष्टी परत आली, तर पुन्हा तेच! विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आणि १९१२ साली थेट लंडन गाठलं. चित्रपट बनवण्याचं काम पाहिलं, कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि परत आले.

पण मोठा चित्रपट करायला पैसे कोण देणार? लोकांना खात्री कशी पटणार? दादासाहेबांनी काय केलं असेल? एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवला! महिनाभराहून अधिक काळ रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर ती काही क्षणांत दिसली. 'अंकुराची वाढ' हा त्यांचा छोटा चित्रपट. तो पाहून पैसे देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपले दागिनेही दिले. नुसते दागिने देऊन त्या थांबल्या नाहीत. दिवसभर सगळ्या कलाकारांचा स्वयंपाक करायचा आणि रात्री फिल्मच्या कडेला भोकं पाडायची, फिल्म धुवायची, हेही त्या करत. अशा घरच्या कारखान्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला. त्यानंतर दादासाहेब नाशिकला आले आणि इथेच त्यांनी आपला कारखाना थाटला.

"आणि आगकाड्या?" एकाने विचारलं.

सांगते. त्या काळी कॅमेऱ्याला हाताने फिरवायचा दांडा असे. बोलत्या चित्रपटांच्या आधी सेकंदाला साधारण १६ चित्रं घेत. आगकाडीला नाचवायचं, तर कॅमेरा सलग फिरवून चालत नाही. एक चित्र घ्यायचं, थांबायचं. काडी केसभर सरकवायची. पुन्हा एक चित्र. पुन्हा थांबायचं. एका मिनिटासाठी १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रं आणि ९६० वेळा सरकवासरकवी! फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांचा असा चित्रपट केला होता. आपल्याकडे तो खेळ दादासाहेबांनी मांडला.

वेषांतराच्या जादूचं गुपितही असंच. १९१९ सालच्या त्यांच्या 'कालिया मर्दन' चित्रपटात कृष्णाचं काम त्यांच्याच मुलीने, मंदाकिनीने केलं होतं. ती तेव्हा अवघी सात वर्षांची, म्हणजे तुमच्यातल्या कुणाच्या तरी धाकट्या बहिणीएवढी! सुरुवातीला ती साधी मुलगी म्हणून दिसते आणि पाहता पाहता तिच्या जागी कृष्ण उभा राहतो. असं दृश्य कसं करतात माहीत आहे? कॅमेऱ्यात येणारा उजेड हळूहळू बंद करायचा, फिल्म थोडी मागे गुंडाळायची, वेष बदलून माणूस अगदी त्याच जागी उभा करायचा आणि उजेड हळूहळू सुरू करायचा. एकाच फिल्मवर दोन चित्रं एकमेकांत मिसळतात.

"पण बाई, अशी युक्ती पहिल्यांदा सुचली कुणाला?"

मी पॅरिसच्या जॉर्ज मेलिएस यांची गोष्ट सांगितली. हेही आधी जादूगारच. ते सांगत, की एकदा रस्त्यावरच्या रहदारीचं चित्रण करताना कॅमेरा अडकला. तो नीट करायला मिनिटभर लागलं. रस्त्यावरची वाहनं तोवर पुढे गेली. नंतर पडद्यावर पाहतात तो काय, चालत्या प्रवासी गाडीची एकदम प्रेतवाहिका झालेली! कॅमेरा थांबला असताना जे बदललं, ते पडद्यावर जादू होऊन आलं. मेलिएस यांनी कॅमेरा फेकून दिला नाही. ते मुद्दाम कॅमेरा थांबवू लागले.

सगळे हसले. एक मुलगी मात्र हसली नाही. डब्याचं झाकण लावत ती हळूच म्हणाली, "बाई, कुंडी मी हलवली होती."

सगळे गप्प झाले. ती पुढे म्हणाली, "त्याची पानं पिवळी पडायला लागली होती. वर्गात ऊन कमी येतं. शनिवारी मी ते घरी नेलं, अंगणात उन्हात ठेवलं. सोमवारी सकाळी परत आणलं. खडूच्या गोलातच ठेवलं होतं, पण तोंड कुठल्या बाजूला होतं ते विसरले."

खरं सांगू? मला काय बोलावं तेच सुचेना. महिनाभर मी त्या रोपाकडे रोज पाच वेळा पाहत होते, पण मोबाईलमधून. चौकट नीट आली का, उजेड सारखा आहे का, एवढंच पाहिलं. पानं पिवळी पडताहेत, हे २१ मुलांमधल्या एकीलाच दिसलं. मी तिला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मी उगाच रागावले. माझं चुकलं."

"मग चिंचोक्यांचा सिनेमा करायचा?" मागून लगेच प्रश्न आला. आता नाही कसं म्हणणार?

निघताना एकाने हट्ट धरला, "बाई, 'आगकाड्यांची मौज' मोबाईलवर दाखवा ना." मी म्हटलं, "अरे, तो आता नाही. हरवला." त्या काळची नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, जुनी झाली की कुजून जाई. दादासाहेबांचे बहुतेक चित्रपट असेच नाहीसे झाले. 'कालिया मर्दन'चा बराच भाग वाचला, म्हणून आपण मंदाकिनीला पाहू शकतो. आगकाड्या कशा नाचल्या, हे मात्र आता कुणालाच दिसणार नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब नाशिकलाच वारले. परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ शांतता होती.

आज मोठमोठ्या चित्रपटांत उडणारे राक्षस आणि कोसळणारे डोंगर संगणकावर तयार होतात. त्यासाठी शेकडो माणसं राबतात. पण आजही कितीतरी जण एकट्याने, घरच्या टेबलावर, मातीची नाहीतर कागदाची बाहुली केसभर सरकवत छोटे चित्रपट करतात. तुम्हीही करा. चिंचोके घ्या, बटणं घ्या, खडू घ्या. आगकाड्या हव्या असतील, तर मोठ्यांकडून आधी गुल काढून घ्या. मोबाईल पक्का टेकवा, एक फोटो, थोडं सरकवा, पुन्हा एक फोटो. आणि तयार झालेला चित्रपट दोन-तीन ठिकाणी नीट जपून ठेवा, हं!

आमचा चिंचोक्यांचा चित्रपट पुरा झाला. त्यात ४० चिंचोके रांगेने शाळेत जातात आणि एक उशिरा येतो. वाटाण्याचा चित्रपटही आम्ही तसाच ठेवला आहे, उडीसकट. कुंडी आता वर्गाबाहेर उन्हात असते. जानेवारी संपता संपता तिला ४ शेंगा आल्या. सोलल्या तर दाणे निघाले १९ आणि मुलं २१! मग चौघांनी अर्धा अर्धा खाल्ला. बाईंना एकही उरला नाही.