वहीत कोण डोकावणार?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘ऑनलाइन’ हा शब्द आमच्या बिडकीनमध्येही घरोघरी पोचला. पुढे शाळा पुन्हा भरल्या, पण लाइव्ह शिकवण्या काही गेल्या नाहीत. दहावीचं वर्ष आलं की अजूनही पुष्कळ घरी त्यांची चौकशी सुरू होते. म्हणून थोडं लिहावंसं वाटलं.

जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. ती एकतर्फी होती, पण त्यात फसगत नव्हती. टीव्ही आपल्याला बघत नाही, हे पोरांना ठाऊक असतं. लाइव्ह तासाचं तसं नाही. तिथे पलीकडे शिक्षक खरेच बसलेले असतात. ते आपलं नाव घेऊ शकतात, आपण त्यांना मध्येच थांबवू शकतो. लाइव्हचं मोल एवढंच. नाहीतर रेकॉर्ड केलेला तास काय वाईट? तो मागे घेऊन दहादा तरी बघता येतो.

शेजारची एक मुलगी दहावीला आहे. वडील शेतातून आले की मोबाईल तिच्या हाती येतो. आमच्या ओट्यावर रेंज बरी मिळते, म्हणून ती इथेच बसते. एकदा मीही शेजारी बसून गणिताचा सगळा तास ऐकला. क्रेमरची पद्धत चालली होती. सर छान शिकवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “समजलं का सगळ्यांना?” भराभर ‘येस सर’ येऊ लागले. हिनेही टाकला.

तास संपल्यावर वही बघितली. उत्तर चुकलेलं.

“अगं, मग ‘येस’ कशाला टाकलंस?”

“सगळ्यांनीच टाकलं होतं ना, गुरुजी.”

आता हे वर्गातही होतं. साठ पोरांना विचारा, ‘हो सर’ एका सुरात येणारच. पण त्यावर कोणी जुना मास्तर विसंबत नाही. तो बाकांमधून फिरतो, कुणाचा पेन कुठे थांबलाय ते बघतो. या मुलीची अडचण निश्चयकात नव्हतीच. उणे 6 मधून उणे 8 वजा करायचे होते. उत्तर अधिक 2, हिने लिहिलं उणे 14. म्हणजे ठेच लागली ती मागच्या इयत्तेतल्या दगडाची! संख्यारेषा काढून दाखवली, पाच मिनिटांत काम झालं. सरांना ते जमलं नसतं असं नाही. त्यांना तिची वही दिसतच नव्हती.

लाइव्ह वर्गाला नावं ठेवायचा हेतू नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी व्हिडिओ कॉलवरून दूरदेशीच्या वर्गांना आभासी सहली घडवत. 2020 चा 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. दूरचं जग खेड्यातल्या वर्गात आणायला याच्यासारखं साधन नाही. अडतं ते हातभर अंतरावरच्या वहीपाशी.

त्यावर उपाय साधे आहेत. ‘समजलं का?’ ऐवजी ‘दुसऱ्या पायरीला तुझं काय आलं?’ असं नाव घेऊन विचारावं. वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावावी, नाहीतर तिचा फोटो मागवावा. हे पंधरा-वीस मुलांना जमेल, दोनशेंना नाही. म्हणून पालकांनो, फी भरण्याआधी वर्गात किती मुलं आहेत ते विचारा. आणि आठवड्यातून एकदा पोराची वही स्वतः उघडा. गणित येत नसलं तरी चालेल. कुठलं उदाहरण अर्ध्यावर सुटलंय, ते कोणालाही दिसतं. तिथे बोट ठेवून विचारा, “हे पुढे का नाही केलंस?”